पान सदतीसवरचे अण्णा

पुस्तकाचं परीक्षण लिहिण्याचा मला काडीचाही अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. मी बी. कॉम. आहे, तोही दुसऱ्या वर्गातला. शिवाय बँकेत कारकून. माझ्या हातून आजवर जे काही वाङ्मय झालं ते ‘सही जुळत नाही’ आणि ‘केवायसी अपूर्ण’ या दोनच प्रकारांतलं. परंतु आमच्या सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं परीक्षण दुसरं कोणी करील असा संभव दिसत नाही. ज्यांना लिहिता येतं त्यांचे लेख तिच्यातच आहेत, आणि ज्यांचे लेख तिच्यात नाहीत ते सोसायटीशी बोलत नाहीत. उरलो मी. माझा लेख तिच्यात नाही; पण माझे वडील आहेत. पान सदतीसवर.

स्मरणिकेचा आकार ऐसपैस, पानं शंभराला चार कमी, आणि कागद इतका चकचकीत की ट्यूबलाइटखाली वाचायला बसलं तर मजकुराऐवजी ट्यूबलाइटच दिसते. मजकुराबद्दल थोडक्यात सांगायचं तर अध्यक्षांचं मनोगत, कार्याध्यक्षांचं मनोगत आणि चिटणिसांचं मनोगत. तिन्ही मनोगतांत ‘सोसायटी हे एक कुटुंब आहे’ हे वाक्य आहे, आणि ते खरंच असलं पाहिजे, कारण इतकी भांडणं कुटुंबाबाहेर होत नाहीत. कविता चार आहेत. त्यांतल्या दोन पावसावर आहेत. आमची गच्ची गळते हे लक्षात घेता त्यांना जिवंत अनुभवाचा आधार आहे. मुद्रितं ‘अ’ विंगमध्ये तपासली गेली असावीत, कारण चुका सगळ्या ‘ब’ विंगच्या नावांत आहेत.

पण खरं सांगू? स्मरणिका कोणी वाचत नाही. स्मरणिका बघतात. आपला फोटो आहे ना, कितव्या पानावर आहे, शेजाऱ्याच्या फोटोपेक्षा लहान नाही ना, एवढं बघून झालं की ती टीपॉयच्या खालच्या कप्प्यात जाते आणि शतकमहोत्सवापर्यंत तिथेच राहते. तेव्हा या परीक्षणात मी साहित्यगुणांना हात न लावता सरळ फोटोंकडे वळतो.

बँकेत सह्या पडताळायला पूर्वी भिंग असायचं. सह्या संगणकाच्या पडद्यावर आल्यापासून ते भिंग माझ्या खणात सेवानिवृत्तासारखं पडून होतं. एका शनिवारी ते घरी आणलं आणि स्मरणिकेवर धरलं. छापलेला फोटो भिंगाखाली धरला की पहिल्यांदा कळतं ते हे, की फोटो वगैरे काही नसतो. नुसते ठिपके असतात. छापखान्याकडे फिकी काळी शाई नसते. शाई लागते किंवा लागत नाही. म्हणून काळोख हवा तिथे जाडे ठिपके, उजेड हवा तिथे बारीक. ही युक्ती काही आजची नाही. न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’ या दैनिकाने ४ मार्च १८८० च्या अंकात झोपडवस्तीचा एक फोटो अशाच पद्धतीने छापला होता. वर्तमानपत्राच्या कागदावर या ठिपक्यांच्या इंचाला साधारण ८५ ते १०० ओळी बसतात, आर्ट पेपरवर दीडशे ते पावणेदोनशे. आणि ठिपक्यांची एक ओळ नीट उमटायची तर तिच्या पोटात फोटोचे दोनएक पिक्सेल घालावे लागतात. छापखानेवाले ‘तीनशे डीपीआय पाहिजे, तीनशे डीपीआय पाहिजे’ म्हणून जो जप करतात तो यातूनच निघाला. दीडशे दुणे तीनशे. इतकं सोपं गणित आमच्या संपादक मंडळाला कोणी सांगितलं नाही, आणि मंडळात तीन इंजिनियर आहेत!

आता भिंगातून दिसलेलं सांगतो. अध्यक्षांचा फोटो पानभर आहे. पानभर म्हणजे आठ इंच बाय अकरा. म्हणजे २४०० गुणिले ३३०० पिक्सेलचा ऐवज हवा. वापरलाय तो त्यांच्या मोबाईलवरच्या गोल चित्रातला चेहरा, चौकोनी करून ताणलेला. त्यांच्या गालावर सरळ पायऱ्या दिसतात. आमची लिफ्ट किती वर्षं रखडली आहे हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा जिना सूचक वाटेल.

‘आमचे गुणवंत’ या पानावर ‘क’ विंगमधली एक मुलगी आहे. बँकेच्या परीक्षेत निवडली गेली म्हणून तिचं अभिनंदन. (बिचारीला अजून कल्पना नाही.) तिचा फोटो त्याच परीक्षेच्या अर्जातून उचललेला. त्या ऑनलाइन अर्जाला फोटो लागतो २०० गुणिले २३० पिक्सेल, वजनाने २० ते ५० केबी. सही तर १४० गुणिले ६०. अर्जापुरतं हे माप रास्त आहे. पण छापायला तीनशेच्या हिशेबाने या फोटोतून पाऊण इंचाचं चित्र निघतं, पोस्टाच्या तिकिटाएवढं. संपादक मंडळाने तो चार इंच केला. मुलगी भरतकामाच्या नमुन्यासारखी दिसते.

यावर मंडळाचं म्हणणं असं, की ‘हाच फोटो आपण गेटवरच्या फ्लेक्सवर चार फूट केला होता, तेव्हा कोणी बोललं नाही.’ बरोबर आहे. फ्लेक्स आम्ही रस्त्यापलीकडच्या रिक्षा स्टँडवरून बघतो. तिथून ती हसरी, हुशार मुलगी होती. गेटशी गेल्यावर विटांची भिंत होती. लांबून बघायच्या वस्तूला इंचाला थोडे ठिपके पुरतात. डोळ्यालाच तिथवर जास्त मोजता येत नाहीत. फ्लेक्स हे दूरच्या नातेवाइकांसारखे असतात, अंतर राखलं तर छान दिसतात. स्मरणिका हातभरावर धरायची असते. तिथे लपवाछपवी चालत नाही.

इथवर मी हसत होतो. मग पान सदतीस आलं.

फोटो १९७४ सालचा. सोसायटीची पायाभरणी. उन्हात चार-पाच जण उभे आहेत आणि मधोमध सिमेंटच्या पोत्यावर पाय ठेवून आमचे अण्णा. संस्थापक चिटणीस. अण्णांच्या पुढच्या दातांपैकी एक अर्धा तुटलेला होता. लहानपणी विटीने तुटला असं ते सांगत. आत्या म्हणे, पेरूच्या झाडावरून पडले. त्या दातापायी अण्णा कॅमेऱ्यासमोर जन्मात तोंड उघडत नसत. लग्नाच्या फोटोत ते फाशीची शिक्षा ऐकल्यासारखे बसले आहेत. पासपोर्ट फोटो बघून तर मला लहानपणी भीती वाटायची. हसणारे अण्णा फक्त या एका फोटोत. कोणीतरी काहीतरी बोललं असेल, आणि त्याच क्षणी बटण दाबलं गेलं असेल. अण्णा १९९८ साली गेले. पुढे २६ जुलै २००५ च्या पुरात आमच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी आलं, त्यात आल्बम गेला आणि तो सव्वादोन इंची चौकोनी फोटोही गेला. बरं झालं, आदल्या वर्षी भाच्याने तो स्कॅन करून ठेवला होता.

स्मरणिकेत हा फोटो सहा इंची छापलाय. अण्णांच्या तोंडाच्या जागी एक पांढुरका चौकोन आहे. ते हसतायत, की त्यांनी तोंडात रुमाल धरलाय, की मिशा पिकल्यात, काही कळायला मार्ग नाही.

आईला स्मरणिका दाखवली तेव्हा तिने पान आधी लांब धरलं, मग जवळ, मग चष्मा पुसला. म्हणाली, “यात हे कुठले?” मी बोट ठेवलं. तिने त्या चौकोनावरून अंगठा फिरवला, कागदावर काही सांडलं असेल तर निघावं तसा. मग म्हणाली, “असू दे. छपाईच ती.” आणि स्मरणिका मिटून ठेवली. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. फोटो बघायला मिळणार म्हणून महिनाभर विचारत होती.

मी भिंग घेऊन चिटणिसांकडे गेलो. जाताना जिन्यात चार कडक वाक्यं पाठ केली. ‘ज्यांनी ही वास्तू उभी केली त्यांना तुम्ही ओळखू येण्याचाही मान देऊ शकत नाही?’ हे त्यांतलं सगळ्यात सौम्य. चिटणिसांनी शांतपणे चहा सांगितला, लॅपटॉप उघडला आणि आलेली मेल माझ्यासमोर धरली.

“तुम्हीच पाठवलाय बघा. तीनशे बाय तीनशे. एक्केचाळीस केबी.”

पाठवणाऱ्याचं नाव माझंच होतं.

तिथे बसल्या बसल्या मला सगळं आठवलं. गेली कित्येक वर्षं मी काउंटरवर लोकांना एकच मंत्र देतो आहे, ‘फोटो पन्नास केबीच्या आत आणा.’ तो माझ्या हाडीमासी खिळलाय. स्मरणिकेसाठी अण्णांची फाईल शोधली, ती बघितली तर चांगली जाडजूड. हाताने आपोआप ती बारीक केली. संगणकाने नम्रपणे विचारलं, त्याच नावाने जतन करू का? मी म्हटलं, हो. एवढं करून अण्णांना मी केवायसीला बसवून पाठवून दिलं.

आमच्या जुन्या लेजरमध्ये खाडाखोड करायची सोय नव्हती. चुकलं तर आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही ठोकायची. चूकसुद्धा जिवंत राहायची. संगणकात ‘त्याच नावाने’ म्हटलं की जुनी नोंद कोणत्याच पानावर राहत नाही. आता हिशेब मांडतो, माझा प्रांत तोच आहे. भाच्याने फोटो इंचाला सहाशेने स्कॅन केला होता. सव्वादोन इंचांचे झाले १३५० पिक्सेल. दोन्ही बाजू गुणल्या की १८,२२,५००. मी ठेवले ३०० गुणिले ३००, म्हणजे ९०,०००. विसातले एकोणीस अण्णा मी स्वतःच्या हाताने काढून टाकले होते. मूळ फाईल पाठवली असती तर सहा इंचांत इंचाला २२५ मिळाले असते. तीनशे नव्हेत, पण अण्णा हसताना दिसले असते. मिळाले पन्नास. चेकची जी काळीपांढरी प्रतिमा हल्ली बँकाबँकांत फिरते तीदेखील इंचाला २०० ठिपक्यांची असते. साडेतीनशे रुपयांच्या चेकला दोनशे, आणि अण्णांना पन्नास!

“पण छापखान्याच्या फाईलवर तीनशे डीपीआय लिहिलंय,” चिटणीस म्हणाले. “हे बघा ना.”

खरंच लिहिलं होतं. या एका भ्रमाने मराठीतल्या किती स्मरणिका, किती कार्याहवाल आणि किती लग्नांचे आल्बम बुडाले असतील, देव जाणे. डीपीआय हा फोटोचा गुण नव्हे, तो भागाकार आहे. पिक्सेल ही इस्टेट, इंच हे वारस. तीनशे पिक्सेल एका इंचाला वाटले तर त्याच्या वाट्याला तीनशे, सहा इंचांना वाटले तर प्रत्येकी पन्नास. फोटोशॉपमध्ये आकार बदलायच्या खिडकीत ‘रिसॅम्पल’ म्हणून एक चौकट असते. तिच्यातली खूण काढली तर संगणक एवढी वाटणीच करतो. इस्टेटीला हात लावत नाही. खूण ठेवली आणि फोटो लहान केला तर तो पिक्सेल फेकून देतो, जसे मी फेकले. खूण ठेवून मोठा केला, तर तो नवे पिक्सेल बनवतो. कशातून? शेजारच्यांची सरासरी काढून. छापखान्यातल्या पोराने खूण ठेवून सहा इंच आणि तीनशे असे आकडे भरले होते. झाले १८०० गुणिले १८००, म्हणजे ३२,४०,०००. खात्यात शिल्लक नव्वद हजार आणि पासबुकात नोंद बत्तीस लाख चाळीस हजार! आमच्याकडे असं कोणी केलं तर त्याला निलंबित करतात. चेकवर रक्कम काय, कितीही लिहिता येते. खात्यात असावी लागते.

पूर्वी असं होत नसे, त्याला कारण पैसा. छापायला फोटोचा जस्ती ब्लॉक करून घ्यावा लागे आणि ब्लॉकचा आकार चौरस इंचाच्या दराने लागे. फोटो एका इंचाने वाढवायचा तर खजिनदार आधी दहा प्रश्न विचारायचा. आता वाढवायला काहीच पडत नाही, म्हणून काहीही वाढवतात.

चिटणीस मनाने चांगले. (मनोगतापेक्षा पुष्कळच बरे.) त्यांनी कपाटातून रौप्यमहोत्सवी स्मरणिका काढली. तिच्यात, १९९९ साली, हाच फोटो दीड इंची छापला होता, लहान पण स्वच्छ. तो आम्ही स्कॅन केला. पण छापील फोटो म्हणजे आधीच ठिपके. त्यांच्यावर स्कॅनरचे ठिपके पडले की दोघांची जुंपते आणि नक्षी उमटते. अण्णांच्या पांढऱ्या सदऱ्यावर आणि चेहऱ्यावर चौकडी आली. अण्णा लुंगीत गुंडाळल्यासारखे दिसू लागले.

घरी चिरंजीव म्हणाले, “बाबा, एआय कशासाठी आहे?” त्याने माझा तीनशे बाय तीनशेचा ऐवज कुठल्याशा यंत्राला खाऊ घातला आणि पाच मिनिटांत मोठा, लख्ख फोटो समोर ठेवला. अण्णा हसत होते. बत्तीसच्या बत्तीस दात, रांगेत, एकही तुटलेला नाही. त्वचा लोण्यासारखी. आईने पाहिलं आणि विचारलं, “हा कोण? टूथपेस्टवाला?”

चिरंजीवांचा दोष नाही, यंत्राचाही नाही. माहिती नसेल तिथे ते अंदाज करतं, आणि हजारो अनोळखी चेहरे बघून केलेल्या अंदाजात अनोळखीच चेहरा येणार. २०२० साली अशाच एका यंत्राला बराक ओबामांचा मुद्दाम अस्पष्ट केलेला फोटो दिला होता, तर त्याने एक गोरा गृहस्थ काढून दिला. अमेरिकेच्या अध्यक्षाची ही गत, तिथे आमच्या संस्थापक चिटणिसांचं काय घेऊन बसलात!

त्या रात्री मला झोप आली नाही. जगात पहिल्यांदा फोटो स्कॅन करून संगणकात घातला तो रसेल कर्श या अमेरिकन गृहस्थाने, १९५७ साली. फोटो होता त्याच्या तीन महिन्यांच्या मुलाचा. १७६ गुणिले १७६ पिक्सेल. त्या यंत्रात त्याहून जास्त मावत नव्हते. त्या बापाने होतं तेवढ्यात मुलाला बसवलं. माझ्या संगणकात पुण्यापासून नागपूरपर्यंतचे नातेवाईक मावतील एवढी जागा, आणि मी बापाला तीनशेत कोंबलं.

सकाळी आई सहज म्हणाली, “तो फोटो काढला कोणी होता, आठवतंय का तुला? तिसऱ्या मजल्यावरच्यांनी.”

तिसऱ्या मजल्यावरचे काका २००१ पासून सोसायटीशी बोलत नाहीत. कारण पाण्याची टाकी. तपशील दोन्ही बाजू विसरल्या आहेत. अबोला मात्र वक्तशीरपणे चालू आहे. साहजिकच स्मरणिकेसाठी त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मी भीतभीत बेल वाजवली.

“काय रे, मेंटेनन्सचं असेल तर चेक टाकलाय पेटीत.”

“नाही काका, अण्णांचा फोटो. पायाभरणीचा.”

काका काही न बोलता आत गेले आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. डब्यात लहान लहान पाकिटं, प्रत्येकावर शाईने तारीख. “आग्फा क्लिक थ्री,” काका म्हणाले. “एका रोलमध्ये बारा फोटो. बारा! आताच्यासारखी चैन नव्हती. तुझा बाप हसेपर्यंत अकरा संपले होते.” त्यांनी दोन बोटांत कडेने धरून एक निगेटिव्ह उजेडात उचललं. काळ्या तोंडाचे, पांढऱ्या केसांचे अण्णा. “ने. पण बोटं लावू नकोस. आणि टाकीबद्दल मी बोललो नाही म्हणून सांग खाली.”

दादरच्या बाजूला एक जुना स्टुडिओ अजून असलं मोठं निगेटिव्ह स्कॅन करून देतो. मी त्याला इंचाला १२०० सांगितले. बाजूला सुमारे २६०० पिक्सेल निघाले. तीनशेच्या हिशेबाने साडेआठ इंच. फाईल मी पेन ड्राइव्हवर घेतली. मोबाईलच्या ग्रुपवरून फोटो पाठवला की तो वाटेतच अंग चोरतो, एवढं शहाणपण आता आलं होतं. मूळ फाईल वेगळी ठेवली, तिला हात लावायचा नाही असं चिरंजीवांना आणि मुख्यतः स्वतःला बजावलं, आणि तिची नक्कल काढून तिच्यावरून आठ इंची प्रिंट घेतली.

कडेचे दोघे जरा पुसट आले आहेत. त्या कॅमेऱ्याचं भिंग कडेला तेवढंच. मधोमध मात्र अण्णा. तोंड उघडं, डोळे उन्हाने बारीक, आणि तो अर्धा दात.

आई बराच वेळ बघत राहिली. मी उगाच पंख्याकडे पाहत होतो. मग ती म्हणाली, “आण रे ते तुझं भिंग.”

मी दिलं. तिने ते दातावर नाही धरलं, सदऱ्याच्या खिशावर धरलं. खिशाखाली रुपयाएवढा काळा डाग होता.

“हा सदरा नवा होता,” ती म्हणाली. “लिंबू लावलं, मीठ लावलं, रात्रभर ताकात ठेवला. डाग गेला नाही. मला म्हणाले, बसमध्ये कोणाच्या तरी पेनाची शाई लागली. त्या कोणाला तरी मी किती नावं ठेवली असतील!” भिंग आणखी जवळ गेलं. “आणि हे बघ. यांचंच पेन आहे खिशात. टोपणसुद्धा लावलेलं नाही.”